नॅनो फिल्टर घ्या, पण आधी पाण्याची कुंडली काढा



'नॅनो' हा शब्द आता खेड्यात नवा राहिलेला नाही. २००९ साली त्या नावाची मोटार आली. २०२१ साली नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली कृषी सेवा केंद्राच्या फळीवर येऊन बसली आणि तिच्या मागोमाग नॅनो डीएपी आले. आता हाच शब्द पाण्याच्या फिल्टरवर छापून येऊ लागला आहे. ग्रामपंचायतीच्या टेबलावर गुळगुळीत कागदाची माहितीपत्रके येऊन पडतात. त्यांत निळेशार पाणी, हसरे मूल आणि खाली एक ओळ असते : कसलेही पाणी द्या, शुद्ध करून देऊ.

या ओळीतला 'कसलेही' हा शब्द गावाला महागात पडू शकतो. म्हणून आजचा हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. नॅनो तंत्राने पाणी साफ करणे ही काही थाप नाही. ते खरे शास्त्र आहे आणि त्यात आपल्या देशातली माणसे पुढे आहेत. पण औषध खरे असले तरी रोग कोणता हे न पाहता दिले तर उपयोग होत नाही, हे फवारणी करणाऱ्या माणसाला सांगायला नको. मावा पडलाय आणि आपण बुरशीनाशक मारतोय, अशातली ती गत होते. पैसा जातो, मावा तिथेच राहतो. फरक एवढाच की पिकावरचा मावा डोळ्यांना दिसतो, पाण्यातले विष दिसत नाही.

एका खड्यात दीड एकर

नॅनो म्हणजे नेमके किती बारीक? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. यावरून अंदाज येईल.

पण एवढे बारीक करून फायदा काय? आपल्या रोजच्या अनुभवातून पाहू. गुळाचा अख्खा खडा पाण्यात टाकला तर विरघळायला वेळ लागतो, तोच किसून टाकला तर लगेच विरघळतो. गूळ तेवढाच, पण पाण्याला लागणारी त्याची बाजू वाढली. आता एक सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा एक खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे एखाद्या टपाल तिकिटाएवढी जागा. त्याच खड्याचे दहा-दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्यांची बाजू मिळून सहाशे चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. आणि एक-एक नॅनोमीटरचे तुकडे केले तर सहा हजार चौरस मीटर, म्हणजे दीड एकराच्या आसपास.

म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या खड्यात दीड एकर रान! पाण्यातले विष धरून ठेवायला एवढी जागा मिळते, म्हणून थोड्या मालात मोठे काम होते. नॅनोची सगळी किमया ती एवढीच. यात जादू नाही, हिशेब आहे.

मात्र या बारीक कणांच्या दोन खोडी आहेत. ते मोकळे सोडले तर एकमेकांना चिकटून गोळे होतात, मग दीड एकराचे पुन्हा दोन गुंठे व्हायला वेळ लागत नाही. शिवाय ते पाण्याबरोबर वाहून आपल्या पेल्यात येऊ शकतात. म्हणून त्यांना कशात तरी पक्के बसवावे लागते. नुसते नॅनो कण पुरत नाहीत, त्यांना धरून ठेवणारी गोणी चांगली लागते. शास्त्रज्ञांची निम्मी मेहनत या गोणीवरच गेली आहे.

तुसाची राख आणि चांदी

या गोणीची एक गोष्ट आपल्या पुण्यातून सुरू होते. पुण्यातल्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम झाले. भाताच्या गिरणीमागे तुसाचे ढीग पडलेले असतात. ते जाळून जी राख होते तिच्यात सिलिका भरपूर असते आणि ती अंगाने सच्छिद्र असते. आपल्या आज्या हीच राख दात घासायला आणि भांडी घासायला वापरत. त्या राखेत सिमेंट आणि खडी मिसळून 'सुजल' नावाची स्वस्त गाळणी तयार झाली. पुढे त्याच राखेवर चांदीचे नॅनो कण बसवून डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हा घरगुती फिल्टर बाजारात आला. त्याला वीज लागत नव्हती आणि नळाचीही गरज नव्हती. वरून पाणी ओता, खालून घ्या. एका नळकांड्यातून तीन हजार लिटर पाणी गाळून झाले की ते आपोआप बंद होई, म्हणजे संपलेल्या नळकांड्यातून पाणी पिण्याचा धोका नव्हता.

चांदीच का? तर चांदीचा अगदी सूक्ष्म अंश पाण्यात उतरतो आणि जंतू मारतो. तान्ह्या बाळाला चांदीच्या वाटीतून पाजण्याची रीत घरोघर होती, तिचे हे नवे रूप समजा.

पण इथे एक खूण करून ठेवा. हा फिल्टर जंतूंसाठी होता. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांच्यासाठी. पाण्यात विरघळलेला क्षार, फ्लोराईड किंवा नायट्रेट काढणे हे चांदीचे काम नाही. चांदीचा फिल्टर घेऊन फ्लोराईडवर उपाय केला असे समजणे म्हणजे बैलाला दूध काढायला बसण्यासारखे आहे.

बंगालची गोष्ट

आता विरघळलेल्या विषाकडे वळू. त्याचा सर्वांत मोठा धडा बंगालने घेतला आहे.

तिथे पूर्वी लोक तळी-पुष्करणीचे पाणी पीत. त्याने पटकी, हगवण होई, पोरे दगावत. म्हणून विंधन नळ मारले गेले. शेजारच्या बांगलादेशात १९७० च्या दशकापासून सरकार आणि युनिसेफ यांनी ही मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली. हेतू चांगला होता. पाणी स्वच्छ दिसत होते, जंतू कमी झाले. पण १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपाय खरखरीत झालेले, अंगावर काळे-पांढरे ठिपके पडलेले रुग्ण येऊ लागले. कारण निघाले आर्सेनिक, म्हणजे आपण ज्याला सोमल म्हणतो ते. मुर्शिदाबाद, नदिया, मालदा, उत्तर २४ परगणा या जिल्ह्यांत ते नळाच्या पाण्यात होते. पुढे जादवपूर विद्यापीठाचे प्रा. दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगाव फिरून हजारो नमुने तपासले आणि हा प्रश्न जगापुढे मांडला. बांगलादेशात तर सुमारे पन्नास लाख नळ तपासून धोक्याच्या नळांना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग देण्यात आला.

हे सोमल कुणी कारखानदाराने टाकले नव्हते. ते हिमालयातून वाहून आलेल्या गाळातच होते, लोखंडाच्या गंजाला चिकटून बसलेले. जमिनीखाली प्राणवायू संपला की तो गंज विरघळतो आणि सोमल सुटे होऊन पाण्यात उतरते. आपल्याला हे सगळे लांबचे वाटेल. पण छत्तीसगडात, आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या अंबागड चौकी भागातही पाण्यात आर्सेनिक सापडलेले आहे. तेव्हा फार निर्धास्त राहू नये.

उपाय सापडला तो मात्र काट्याने काटा काढण्याचा. ज्या गंजाने सोमल धरून ठेवले होते, तोच गंज अतिशय बारीक करून फिल्टरमध्ये घातला तर तो पाण्यातले सोमल पुन्हा धरून ठेवतो. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाचे असे नॅनो कण कायटोसानच्या जाळीत बसवले. कायटोसान कोळंबीच्या आणि खेकड्याच्या टरफलांपासून काढतात. म्हणजे इथेही गोणी टाकाऊ मालाचीच. या फिल्टरचे नाव 'अमृत'. तो साध्या तापमानाला, पाण्यातच तयार होतो, भट्टी लागत नाही. पश्चिम बंगालसह काही राज्यांत मिळून दहा लाखांवर लोकांना याचे पाणी मिळाल्याचे सांगितले जाते. प्रा. प्रदीप यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

आपल्या दृष्टीने त्यांचे आधीचे काम आणखी जवळचे आहे. एन्डोसल्फान, मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस ही नावे आपल्याला पाठ आहेत. यातले एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंद केले. ही कीटकनाशके पाण्यातून काढून टाकायला चांदी-सोन्याचे नॅनो कण उपयोगी पडतात हे याच गटाने दाखवले आणि त्यावर आधारलेला घरगुती फिल्टर २००७ साली बाजारातही आला. आपण जे फवारतो ते शेवटी कुणाच्या तरी पेल्यात जाते, याचा हा पुरावाच म्हणायचा.

यंत्रे बसली आणि बंद पडली

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रश्न सुटला. तसे नाही. बंगालची गोष्ट अजून संपलेली नाही.

आर्सेनिक काढणारी यंत्रे तिथे शेकड्यांनी बसवली गेली. सरकारी पैसा आला, कंपन्या आल्या, उद्घाटने झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्रांची पाहणी झाली, तेव्हा बऱ्याच यंत्रांचे पाणी भरवशाचे नसल्याचे आढळले. कारणे काय, तर वेळच्या वेळी धुलाई नाही, माल बदललेला नाही, देखभालीला माणूस नाही आणि गावाला ते यंत्र आपले वाटत नाही. शास्त्र नापास झाले नव्हते, व्यवस्था नापास झाली होती. आपल्या गावातल्या बंद पडलेल्या सौर पंपाकडे किंवा गंज चढलेल्या हातपंपाकडे पाहिले की ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

पण त्याच बंगालमध्ये दुसरेही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे प्रा. अरूप सेनगुप्ता आणि शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातली मंडळी यांनी १९९७ पासून हातपंपांनाच जोडता येतील अशी यंत्रे बसवली. सुरुवातीला त्यांत ॲल्युमिनाचा माल होता, पुढे रेझिनच्या मण्यांत लोखंडाचे नॅनो कण बसवलेला माल आला. अशी दीडशेहून अधिक यंत्रे गावांनी चालवली. 'गावांनी चालवली' हे महत्त्वाचे. प्रत्येक ठिकाणी गावाची समिती होती. घरटी थोडी वर्गणी ठरलेली होती, त्यातून यंत्राची निगा राखणाऱ्याला पैसे मिळत. माल भरला की तो धुऊन पुन्हा वापरायचा. धुतलेल्या पाण्यातून निघालेला सोमलाचा गाळ उकिरड्यावर फेकायचा नाही, तर जाड वाळूच्या, हवा खेळती राहील अशा बंदिस्त टाकीत ठेवायचा, म्हणजे सोमल पुन्हा जमिनीत उतरत नाही.

म्हणजे तंत्र दोन्हीकडे होते. एकीकडे समिती होती, दुसरीकडे नव्हती. निकाल तिथेच लागला.

आपले दुखणे वेगळे आहे

आता आपल्या शिवारात या. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. आपल्याकडे बंगालसारखा आर्सेनिकचा प्रश्न सर्रास नाही. आपली मुख्य दुखणी तीन.

पहिले, जंतू. पावसाळ्यात गटाराचे पाणी विहिरीत उतरते, नळाची पाइप नालीतून गेलेली असते, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी तुंबते. याला सर्वांत स्वस्त औषध अजूनही टीसीएल पावडर आहे. ती वेळेवर टाकायची, कोरड्या जागी झाकून ठेवायची आणि ओटी टेस्ट करून शेवटच्या नळाला क्लोरीन पोचते का ते पाहायचे. ज्या गावात टीसीएलचे पोते ओल येऊन दगड झाले आहे, त्या गावाने आधी ते बदलावे, नॅनोच्या गोष्टी नंतर.

दुसरे, फ्लोराईड. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हा प्रश्न जुना आहे. पाणी नितळ असते, चवीला गोडही लागते. पण पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे, सांधे आखडतात, माणूस वाकतो. प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. बोअर जितकी खोल तितके फ्लोराईड वाढण्याची शक्यता बहुधा जास्त, तेव्हा बोअर आणखी खाली नेणे हा उपाय नव्हे. उकळून फ्लोराईड जात नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराईड कमी करण्याची 'नालगोंडा' पद्धत दिली. ॲल्युमिनाचे फिल्टरही यावर चालतात आणि नॅनो ॲल्युमिना ही त्याचीच पुढची पायरी. इथे नॅनो फिल्टरला खरे काम आहे. पण तो फ्लोराईडसाठीच बनवलेला हवा.

तिसरे, नायट्रेट. आणि याला आपणच जबाबदार आहोत. युरियाच्या गोणीत शेकडा ४६ नत्र असते. पीक घेईल तेवढे घेते, उरलेले पाण्याबरोबर खाली उतरते आणि विहिरीत येते. विहिरीला लागून उकिरडा, गोठा, शोषखड्डा असेल तर भर पडते. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट गेले की ते पाणी पिण्याचे नाही. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडते. माउली बिचारी बाळासाठी पाणी चांगले खळखळून उकळते. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. चांदीच्या फिल्टरनेही ते जात नाही आणि आर्सेनिक धरणाऱ्या लोखंडाच्या मालाचाही त्यावर भरवसा नाही. त्याला आरओ किंवा त्यासाठीचे खास रेझिन लागते. मग कसलेही पाणी शुद्ध करणारा फिल्टर विकत घेऊन त्यातले पाणी बाळाला पाजले तर काय होईल, याचा विचार प्रत्येक सदस्याने करावा.

आधी तपासणी

म्हणून पहिली गोष्ट पाण्याची कुंडली काढायची. वर्षातून एकदा रासायनिक तपासणी आणि दोनदा, म्हणजे पावसाळ्याआधी व नंतर, जंतूंची तपासणी हा नियमच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि उपविभागाला आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची सोय केली आहे. तुमच्या गावातला तो संच कुठे आहे? कपाटात कुलूप लावून असेल तर बाहेर काढा, आणि त्यातली औषधे मुदतीतली आहेत का तेही पाहा.

नमुना घेताना काळजी घ्या. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायचा. रॉकेलचा किंवा औषधाचा डबा चालणार नाही. जंतूंसाठी प्रयोगशाळेने दिलेलीच बाटली वापरायची, आत बोट लावायचे नाही आणि थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची. नमुना कुठल्या विहिरीचा, कुठल्या तारखेचा हे चिठ्ठीवर लिहायला विसरू नका. आणि अहवाल आला की तो फायलीत न लावता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते त्याचा अर्थ लोकांना कळायला हवा.

मग हिशेब

दुसरी गोष्ट हिशेबाची. नळ योजनेतून माणशी ५५ लिटर पाणी द्यायचे ठरले आहे. पण पोटात जाणारे पाणी माणशी साधारण पाच लिटर धरा. दीड हजार वस्तीच्या गावाला रोज एकूण साडेब्याऐंशी हजार लिटर पाणी लागते, त्यातले पिण्याचे फक्त साडेसात हजार. उरलेले धुण्याला, अंघोळीला, जनावरांना. तेव्हा सगळी टाकी शुद्ध करायच्या यंत्राचा प्रस्ताव कुणी आणला तर विचारा, म्हशी धुवायला नॅनोचे पाणी कशाला? पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ, वेगळी छोटी टाकी, हे अनेक पटींनी स्वस्त पडते.

घरगुती फिल्टरचाही हिशेब करा. पाच माणसांचे घर, रोज पंचवीस लिटर. तीन हजार लिटरचे नळकांडे एकशे वीस दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत संपते. वर्षाला तीन लागतात. ते तालुक्याला मिळते का, केवढ्याला मिळते, हे फिल्टर घेण्याआधी विचारायचे. ट्रॅक्टर घेताना आपण सुट्या भागांची चौकशी करतो की नाही? मालाची किंमत फार असते असेही नाही. आयआयटी मद्रासच्या गटाने २०१३ साली एका कुटुंबाला वर्षाला अडीच डॉलर, म्हणजे त्यावेळचे दीडशेच्या आसपास रुपये, एवढ्या खर्चात पाणी शुद्ध करता येईल असे दाखवले होते. मग कुणी त्याच्या कित्येक पट मागत असेल तर जास्तीचे पैसे कशाचे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आरओचेही तसेच. ते फ्लोराईड, नायट्रेट, क्षार सगळे काढते, पण वीज खाते आणि आत घेतलेल्या पाण्यातला बराच भाग, कित्येकदा निम्म्याहून जास्त, खारट करून टाकून देते. ते पाणी गावाच्या विहिरीजवळच्या नालीत सोडले, तर आपण काढलेला क्षार पुन्हा आपल्याच विहिरीत घालतो.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

ग्रामसभेत किंवा मासिक सभेत ठराव येण्याआधी हे प्रश्न कागदावर विचारा आणि उत्तरेही कागदावरच घ्या.

एक, आमच्या अहवालात जो दोष आहे तो हे यंत्र काढते का? आमच्याच पाण्याचा आधीचा आणि नंतरचा अहवाल सरकारी प्रयोगशाळेतून आणून द्या.

दोन, किती लिटरनंतर माल संपतो? संपला हे कळणार कसे?

तीन, नवा माल कितीला, कुठून, आणि पाच वर्षांचा मिळून खर्च किती?

चार, नॅनो कण कशात बसवले आहेत? ते पाण्यात उतरत नाहीत याची तपासणी झाली आहे का?

पाच, वापरून झालेला माल परत कोण नेणार? त्यात आपण काढलेले विष साठलेले असते, ते पोरांच्या खेळण्याच्या जागी पडता कामा नये.

सहा, देखभालीचा करार किती वर्षांचा, आणि बिघाड झाला तर किती दिवसांत माणूस येणार?

ज्याचा माल चोख आहे तो ही उत्तरे आनंदाने देईल. जो 'साहेब, तुम्ही काळजीच करू नका' म्हणतो, त्याच्याच बाबतीत काळजी करा.

शेवटी उगमाकडे

आणि सगळ्यांत शेवटी आपल्या हातातले. फिल्टर कितीही बारीक असला तरी तो विषामागे धावणाराच आहे. विष पुढे, तो मागे. माती परीक्षण करून युरिया द्या, एका दमात न देता हप्त्याहप्त्याने द्या. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुऊ नका. औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओढ्यात फेकू नका. पिण्याच्या विहिरीपासून उकिरडा, गोठा आणि शोषखड्डा लांब हलवा. पावसाचे पाणी विहिरीत मुरवताना ते गाळून, शेतातल्या खताच्या पाण्यापासून वेगळे ठेवून मुरवा. याला ना टेंडर लागते, ना नॅनो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एवढेच सांगणे आहे की वित्त आयोगाचा पैसा पाण्यासाठी खर्च करताना खरेदीचा ठराव आधी आणि तपासणी नंतर, असा उलटा क्रम होऊ देऊ नका. आधी अहवाल, मग समिती आणि वर्गणी, मग यंत्र. बंगालच्या ज्या गावांनी हा क्रम पाळला त्यांची यंत्रे चालली, ज्यांनी नाही पाळला त्यांची फक्त कोनशिला राहिली.

आणि बंधू-भगिनींनो, येत्या ग्रामसभेला गेलात की रस्ता आणि सभामंडपाच्या आधी एक प्रश्न विचारा : आमच्या पिण्याच्या पाण्याचा शेवटचा अहवाल कधीचा आहे, आणि त्यात काय लिहिले आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.